डाव्या खिडकीचं काम

लानेली, वेल्स, रविवार दुपार

प्रिय नेरिस,

फोन सोडून आईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. तर आपला व्हिडिओचा फोन स्वयंपाकघरात, आणि बाबाही दिवसभर स्वयंपाकघरातच. शिवाय तू फोन केलास की आधी बाळाचा चेहरा दाखवतेस, मग तुझ्या नवऱ्याचा, मग सासूबाईंचा, आणि मला जे बोलायचं असतं ते त्या गर्दीत राहूनच जातं. म्हणून बाबा शेजारी एम्लिनकडे गेलेत तेवढ्यात लिहायला बसले आहे. पहिली बातमी ही, की तू काढलेली विमानाची तिकिटं रद्द कर. आरडाओरडा करू नकोस, पुढे वाच. बाबा विमानाने इटलीला येणार नाहीत. 'तू जा, मी घर सांभाळतो,' एवढंच ते महिनाभर म्हणत होते. घर सांभाळतो म्हणे! घराला काय पाय फुटणार आहेत? मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच चिडून म्हणाले, 'अगं, बाळ घ्यायला दोन हात लागतात.' आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले. नातवाला बघायला ते येणार की नाहीत, याच एका गोष्टीवर आमचा सगळा उन्हाळा अडून बसला होता.

माझं विचारशील, तर मी बरी आहे. बरी म्हणजे मला काही होत नाही. ना रडू, ना राग, ना भूक. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय कसा लाकडासारखा होतो, आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं झालंय. चहा करते आणि प्यायची विसरते. बाळाचा पहिला फोटो आला तेव्हा मी 'गोड आहे' म्हटलं आणि बटाटे सोलायला लागले. तू दुखावली असशील. पण मला त्या वेळी बटाटेही दिसत नव्हते आणि बाळही दिसत नव्हतं, खरं तेच सांगते.

आपल्या घरात दर उन्हाळ्यात काय भांडण व्हायचं ते आठवतंय ना? टेबलावर तो भलामोठा रस्त्यांचा नकाशा उघडला की बाबा टोलच्या बाजूने आणि मी टोलच्या विरुद्ध. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, मला गावागावांतून जाणारे रस्ते आवडतात, जिथे कोंबडी आडवी येते आणि पाव घ्यायला थांबता येतं. बाबांना मात्र टोलचा रस्ता हवा. आणि तो काही वेळ वाचवण्यासाठी नव्हे. सुट्टीवर निघालेल्या माणसाला कसली घाई? त्यांना टोलनाका हवा असायचा. आपल्या मोटरहोमचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि समुद्र ओलांडून फ्रान्सात उतरलं की सगळं जग उलटं चालतं, टोलची खिडकी येते डावीकडे. म्हणजे चालवणारी मी, पण रस्त्यावर शिरताना चिठ्ठी घेणार आणि बाहेर पडताना ती दाखवून पैसे देणार ते. गाडी चालवायच्या परीक्षेत तीनदा नापास झालेल्या माणसाला ते काम मिळालं, मग काय विचारता! 'तू नुसती चालवतेस गं, फाटक मी उघडतो,' म्हणायचे. नाका दिसला की शर्टाची बाही दुमडायची, काच खाली, आणि खिडकीतल्या माणसाला आपल्या लानेलीच्या हेलात 'बोंजूर!' तो बिचारा दचकायचा. आतल्या माणसांच्या जागी यंत्रं आली तरी यांचं बोंजूर चालूच.

आणि ती पहिली खेप! तू मागच्या बाकावर होतीस, नऊ-दहा वर्षांची. मी सवयीने माझ्या बाजूची काच खाली केली, हात बाहेर काढला, तर समोर नुसती काँक्रीटची भिंत. नाक्याची खिडकी त्या अंगाला, आणि त्या अंगाला बाबा तोंड उघडं टाकून घोरताहेत. मागे गाड्यांची ही रांग, सगळे भोंगे वाजवताहेत. मी ओरडतेय, 'ग्विलिम, ऊठ मेल्या!' आणि तू हसून हसून बाकावरून खाली पडलीस. त्या दिवशी बाबांनी कानाला खडा लावला. त्यानंतर गाडीत त्यांनी डोळा म्हणून मिटला नाही. नाका शंभर मैलांवर असला तरी हे ताठ बसलेले. इतकी वर्षं तो डावा हात खिडकीबाहेर गेला आणि चिठ्ठी घेऊन आत आला. त्या हाताकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं?

ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला तो नेमका डाव्या अंगाला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात तेवढा गेला. डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत, पण त्यांच्याही बोलण्यातून 'अजून' हा शब्द हळूहळू नाहीसा झाला, माझ्या लक्षात आलं. नाताळात तू आलीस आणि पहिल्याच जेवणाला बाबांच्या ताटातलं मांस कापून दिलंस. मायेनेच दिलंस, मला ठाऊक आहे, मी तरी काय वेगळं करत होते? कोटाची बटणं मी लावायची, पावाला लोणी मी फासायचं, दाराची कडी मी काढायची. तू परत गेलीस आणि बाबांनी टेबलावर जेवणं सोडलं. भूक नाही म्हणायचे. मग मी भांडी घासायला वळले की उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकायचे. मला दिसायचं, पण मी वळायची नाही. वळून काय बोलणार होते?

जूनमध्ये बाळ झालं. मी म्हटलं, विमान नको तर नको, आपली गाडी आहे की दारात. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, 'टोल नको.' मला वाटलं चेष्टा करताहेत. पण नाही. नकाशा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, 'तुला हवा तसा रस्ता काढ.' म्हणून मी काढला. बोटीने डंकर्क, तिथून बेल्जियम, लक्झेंबर्ग, मग जर्मनी, यात टोल म्हणून नाही. ऑस्ट्रियात काचेला कागद चिकटवला की झालं, कुठे हात बाहेर काढायला नको. ब्रेनरचा घाट जुन्या रस्त्याने, मग पुस्तरच्या खोऱ्यातून उतरत उतरत तुमच्या उदिनेपर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळाच्या सगळा रस्ता माझ्या मनासारखा. कोंबड्या, पाव, सगळं. आणि सांगते, त्या नकाशाकडे बघून मला कसलाच आनंद झाला नाही. मी भांडण जिंकले होते, आणि समोर भांडायला कोणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात तुझं पार्सल आलं. ती काचेला चिकटवायची डबी. नाक्यावर गेलं की ती आपोआप टिंग करते आणि फाटक उघडतं, पैसे खात्यातून जातात, कोणी हात लावायला नको. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, 'आता बाबांना काहीच करावं लागणार नाही.' मी ती मोठ्याने वाचली गं! उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, 'हुशार आहे पोर,' म्हणाले, आणि चमच्यांच्या खणात ठेवून खण लावून टाकला. मी मनाशी ठरवून टाकलं, हा माणूस आता कुठे येत नाही. आणि ते ठरवतानासुद्धा मला काही वाटलं नाही, याचीच मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात दिवाणखान्यातली हिरवी उशी नाहीशी व्हायला लागली. दुपारी नसायची, संध्याकाळी परत जागेवर. मी म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय. मग परवा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर पुढच्या बाजूने एम्लिनचा आवाज, 'पीं! पीं पीं! चला हो आजोबा, झोपलात काय? मागे अख्खा इटली उभा आहे!' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी झाला, बायको गेल्यापासून रोजचा चहा आपल्याकडे पितो, म्हणून काय लुळ्या माणसाची टवाळी करायची? चिमटे तसेच दातांत धरून मी घराला वळसा घालून तणतणत निघाले. कोपऱ्यावर पोचले आणि थांबले.

आपली गाडी दारात उभी. बाबा त्यांच्या डाव्या सीटवर, हिरवी उशी उजव्या कुशीखाली, त्यामुळे सगळं अंग खिडकीकडे कललेलं, पट्टा काढलेला. खाली एम्लिन दुधाच्या उपड्या खोक्यावर उभा, डोक्यावर त्याची जुनी बस कंडक्टरची टोपी, हातात बियरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती चिठ्ठी म्हणून धरलेली. बाबांचा उजवा हात छातीवरून आडवा, खिडकीबाहेर, त्या चकतीच्या दिशेने. बोटं पोचली, चकती निसटली, खाली पडली. खिडकीखालच्या गवतात तशा कितीतरी पडल्या होत्या. बाजूला तो कचरा उचलायचा लांब दांड्याचा चिमटाही फेकलेला होता. एम्लिनने आधी तो आणून दिला होता, हे त्याने मला मागाहून सांगितलं. बाबा म्हणाले होते, 'हे घे परत, याने भीक मागतोय असं वाटतं.' एम्लिन पुन्हा भोंगा वाजवायला लागला, 'पीं! ओ इंग्रज, घरी जा!' आणि बाबा आतून ओरडले, 'इंग्रज कुणाला म्हणतोस रे गाढवा?' आणि हसले. नेरिस, ते हसले. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. पुढच्या खेपेला चिठ्ठी आत गेली. एम्लिनने टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला.

मी पुढे गेले नाही. आल्या पावली मागे वळले आणि उरलेले कपडे वाळत घातले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. फक्त शर्टाला लावलेला चिमटा कितीतरी वेळ माझ्या हातातून सुटेना. बाबांना अजून माहीत नाही की मी पाहिलंय. तूही बोलू नकोस.

काल सकाळी त्यांनी आपणहून नकाशा उघडला. उजव्या हाताने पेन्सिल धरून माझ्या त्या लांबलचक फुकट रस्त्यावरून फिरवत नेली, आणि अगदी शेवटी, डोंगर उतरून झाल्यावर, कार्नियापाशी थांबले. म्हणाले, 'इथून उदिनेपर्यंत टोलचा घेऊ. थोडासाच आहे.' मी आपली नेहमीप्रमाणे, 'जवळ आल्यावर कशाला पैसे घालवायचे? खालचा रस्ता काय वाईट आहे?' इतक्या महिन्यांनी आमचं भांडण झालं. कपभर चहा गार होईस्तोवर झालं. मी हरले. मग चहा प्यायले, गारच, पण सगळा प्यायले.

म्हणजे आम्ही येतोय, दोघंही, सप्टेंबरच्या मध्यावर. डबी या पाकिटातच परत पाठवतेय, रागावू नकोस, तुझ्या गाडीला लाव. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते ऐक. कार्नियाला बाबा यंत्रातून चिठ्ठी घेतील, आणि उदिनेच्या नाक्यावर ती देतील. पांढऱ्या पाटीवर पैसे देणाऱ्या हाताचं चित्र असतं ना, त्याच रांगेत मी गाडी घालणार आहे. नाक्याच्या पलीकडे गाड्या थांबवायला जागा आहे, तिथे तू बाळाला घेऊन उभी राहशील, मला ठाऊक आहे, नको म्हटलं तरी राहशील. तर उभी राहा. पण जागची हलू नकोस. चिठ्ठी पडेल, नाणी पडतील, मागचे भोंगे वाजवतील, कोणी काच खाली करून शिव्या देईल. देऊ दे. तू लहानपणापासून धावणारी, कुणाचं काही पडलं की आधी तू. त्या दिवशी धावू नकोस, पोरी. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसणार आहे, तू बाळाला घट्ट धरून उभी राहा. फाटक त्यांना उघडू दे. आणि मग ते खाली उतरले की बाळ त्यांच्या उजव्या हातावर दे, आणि एक पाऊल मागे हो. बाळाखाली तुझा हात धरू नकोस.

तुझीच,
आई