गिअरबॉक्सचं जुनं तेल

३ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. ह्यांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले. आठवड्यातून तीनदा व्यायामाला नेते. पाय किंचित हलतोय, पण एक खेप चुकली की पुन्हा लाकूड. आणि आता गाडीच कुरकुरतेय. ऑटोमॅटिक आहे ना, गिअर आपोआप बदलताना हल्ली पाठीत गुद्दा बसतो. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्सचं तेल बारा वर्षांत बदललेलंच नाही. मशीन लावून फ्लश करू, जुना थेंब राहणार नाही. शेजारचे म्हणतात, खालचा बोल्ट काढून निथळेल तेवढंच काढा. तुझा जन्म गिअरबॉक्सखाली गेला, तूच सांग. मला विचार करायचंही त्राण नाही. लोभ असू दे.

तुझी ठमी

७ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फ्लश करू नकोस. इतक्या जुन्या तेलात क्लचच्या प्लेटांची भुकटी मिसळलेली असते आणि झिजलेल्या प्लेटांना तीच थोडीफार पकड देते. मशीन ती सगळी धुऊन नेतं. बोल्ट काढून निथळू दे, तिसरा हिस्सा निघेल. तेवढंच नवं घाल. महिन्याभराने पुन्हा. कान ठणठणीत आहेत. तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस.

लोभ आहे, तो विचारायचा नसतो.

दादा

१२ जून

ती. दादास सा. न.

तुझं पत्र काल आलं. फ्लश त्याआधीच झाला होता. धक्के वाढले, मला थांबवेना. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. परवा दवाखान्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी मागे घसरायला लागली. हँडब्रेक ओढला. ह्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं. चौघांनी ढकलून गाडी बाजूला लावली. मी फुटपाथवर बसले ती उठावंसंच वाटेना. व्यायाम बुडाला. ‘सांगितलं होतं’ म्हणणार असशील, तर उत्तर पाठवू नकोस.

ठमी

१६ जून

चि. ठमीस आशीर्वाद.

नाही म्हणणार. प्लेटा संपतच आल्या होत्या. फ्लशने उरलीसुरली पकड नेली, एवढंच. खरी गोष्ट वेगळीच आहे. गाडी नवी घेतली तेव्हा मेहुण्यांनी मला विचारलं होतं, हे तेल कधी बदलायचं? मी ऐटीत सांगितलं, हे जन्मभर पुरतं, हात लावू नका. त्यांनी माझा शब्द मानला. वेळच्या वेळी बदललं असतं, तर तू त्या फुटपाथवर बसली नसतीस. रविवारी येतो. गिअरबॉक्स मी स्वतः उतरवीन.

दादा

१९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. अडखळत म्हणाले, आणखी दोघांना विचारलं होतं, तेही तेच म्हणाले. तेव्हा तो विषय सोड. गिअरबॉक्स उतरवायला माणसं आहेत. तुझी कंबर राहू दे. गाडी दुरुस्त होईपर्यंत शेजारचे आम्हाला व्यायामाला सोडतील.

तू मात्र ये. ह्यांना आंघोळ घाल, दोन घास भरव, बाजारातून काय हवं ते आण. मला एक अख्खी दुपार झोपायचंय, दादा.

लोभ असू दे म्हणून एरवी लिहिते. या वेळी तो घेऊनच ये.

तुझी ठमी