रविवारचा शिधा

पनवेल, मे महिना, रविवार संध्याकाळ

एवढं मोठं चर्च, आणि मिस्साची प्रार्थना संपल्यावर शिधा घ्यायला आज फक्त चार बाया. बाकी खुर्च्या रिकाम्या, वर पंखे गरगरतायत. कर्नाळ्याची जनीवहिनी आलीच नाही. नवऱ्याचा पाय वीटभट्टीवर मोडलाय, घरात तांदूळ नाही. मीच तिला सांगितलं होतं, चर्चमध्ये धर्म विचारत नाहीत, जा.

तसाच कर्नाळ्याला गेलो. (वाटेत माकडं बघत बसलो, ते असो.) वहिनी हायवेला करवंदं विकत बसलेली.

"आली का नाहीस?"

"रविवारीच तर गाडीवाले थांबतात, भाऊजी. आज उठले तं आठवडाभर खाऊ काय?"

हे मला कसं सुचलं नाही? चर्चमध्येही कुणाला नाही. रिकाम्या खुर्च्या बघून त्यांना वाटतं, गरीबच कमी झाले. याला पुरेशी मदत म्हणायचं का? पण माणसं वाईट नाहीत. खरंच नाहीत.

परत येऊन वाटप बघणाऱ्या फ्लोरीआंटीला सांगितलं, तर माझ्यावरच चिडली. "वर्षभर इथे फुकट चहा पितो, हे आधी सांगायला तोंड नव्हतं तुला?" मग उठून कोठीचं कुलूप काढलं आणि तांदूळ भरायला लागली.

"उद्या सकाळी आपण दोघं जाऊ तिच्या घरी."

"आणि कमिटी? वाटप रविवारीच, असं ठरलंय ना?"

"सांगते त्यांना, देव सोमवारी पण असतो. बघत काय राहिला? पोतं धर नीट."