शाळेतली टंचाई

३ मार्च
आजपासून मी शाळेचा स्वयंसेवक-समन्वयक. प्रिन्सिपल मिसेस पेश्लाकाई म्हणाल्या, लेलंड, शाळेची बस चालवून झाली की जरा पाहुण्यांकडेही बघ. नेमणूक अशीच होते. बोस्टनहून कॉलेजची मुलं आठवडाभर येणार, आमच्या नावाहो जमातीच्या मुलांना वाचायला शिकवायला. त्यांच्या संस्थेला इथे कायमचा डायरेक्टर लागणारच. तसं कोणी बोललेलं नाही, पण मला आतून कळतं. रोज दाढी करायची.

५ मार्च
अडचण. लायब्ररीत नवी पुस्तकं आलीत, कपाटं भरून. वर आमची मुलं ती वाचतात. मग पाहुण्यांनी येऊन करायचं काय? हिरमुसतील. हिरमुसलेली माणसं डायरेक्टर नेमत नाहीत. सगळी पुस्तकं जुन्या बस-शेडमध्ये हलवली. तात्पुरती. मुलांच्याच भल्यासाठी. कंबर धरली. कपाटांना रंग द्यायचाय, असं सांगणार आहे.

८ मार्च
थोरली बहीण वर्ना शाळेचं स्वयंपाकघर बघते. तिला म्हटलं, आठवडाभर पिझ्झा बंद, निळ्या मक्याची लापशी कर, अस्सल वाटतं. म्हणाली, मग तूही बस सोड, घोड्यावरून ये. मी घोड्याला घाबरतो हे तिला पक्कं माहीत आहे. दुर्लक्ष केलं.
तिची मुलगी शांडीन, वय नऊ. तिला पढवलं : विचारलं तर घरी नळ नाही म्हणायचं. ती म्हणाली, मामा, आपल्याकडे दोन आहेत. म्हटलं, पाहुण्यांसमोर एकही नाही.

११ मार्च
आले! प्रमुख हॅडलीबाई. रिकामी कपाटं बघून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मीही प्रयत्न केला. वाऱ्याने धूळ उडत होती, जमलं.
चौथीला ए-बी-सी शिकवणं सुरू. शांडीनने एका पाहुण्याचं स्पेलिंग सुधारलं. घरी झापलं. रडली. हळवी आहे, माझ्यावर गेलीय.

१३ मार्च
हॅडलीबाईंनी सगळ्यांसमोर शांडीनला विचारलं, बाळा, तुला सगळ्यात जास्त काय हवंय? मी मागून नळ सोडल्याची खूण केली. ती म्हणाली, माझं पुस्तक हवंय, अर्धंच वाचून झालंय, मामाने शेडमध्ये टाकलंय.
मोर्चा शेडकडे. मी सर्वांत पुढे, गाइड म्हणून. गेल्या आठवड्यातल्या बर्फाने छप्पर गळून पुस्तकांचा लगदा झालेला. उरलंसुरलं उंदरांनी संपवलेलं. शांडीन चिखलात बसून शोधत राहिली. तिच्या पुस्तकाची मधली पानं सापडली, शेवटची नाहीत. मी शेवट काहीतरी रचून सांगायला लागलो, तर तिने कान झाकले.
मिसेस पेश्लाकाई एक शब्द बोलल्या नाहीत. मूक पाठिंबा समजतो. मी गुडघ्यांवर बसून लगदा गोळा केला. हॅडलीबाईंनी भरपूर फोटो काढले. चांगलं लक्षण.

१८ मार्च
पाहुणे गेले. निघताना हॅडलीबाई मिठी मारून म्हणाल्या, तुमच्यासाठी लवकरच काहीतरी मोठं करतोय आम्ही. ठरलं! बसच्या किल्ल्या मिसेस पेश्लाकाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी अडवलं नाही. मोठ्या संधीच्या आड कोण येणार?

२४ मार्च
फोन नाही. बोस्टनला सुट्ट्या असतील. बससाठी नवा माणूस घेतलाय. वेळेवर येतो म्हणे. सुरुवातीला सगळेच येतात.
शांडीन अजून अबोला धरून आहे. वर्ना म्हणते, पुस्तकाचं ती विसरेल रे, पण मामा गेला त्याचं काय? मी कुठे गेलो? बोस्टनचं तर अजून तिकीटही आलेलं नाही.

११ एप्रिल
आलं. संस्थेचं देणगीसाठीचं पत्रक. पानभर मी. गुडघ्यांवर, हातात लगदा, तोंड उघडं. खाली मोठ्या अक्षरांत : ‘या आदिवासी आजोबांना अजून वाचता येत नाही. त्यांना पहिलं अक्षर तुम्ही द्या.’
मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पदवीधर.
वर्नाने ते जेवणघराच्या दारावर चिकटवलंय. दुपारी रांग थांबवून शांडीनने मोठ्याने वाचलं, माझ्याकडे बघत. उच्चार स्वच्छ होते.