वायपर जपून ठेवले आहेत

८ सप्टेंबर, सोमवार
रविवारी नांदेडला अंबिकाचं डोहाळजेवण. लेकीच्या दारात या वेळी बसमधून उतरायचं नाही. आपल्या गाडीने जाऊ, मी चालवतो, असा लक्ष्मम्माला शब्द दिला. ती म्हणाली, पाऊस लागला तर मी न्हाई बसून राहणार तुमच्या गाडीत. मी म्हटलं, पाऊस? लातुरात?
अमरनाथ जेवताना म्हणाला, अप्पा, या खेपेला काही झालं तर किल्ली वर्षाराणीकडे. मी कबूल केलं. काही होणारच नाही, तर कबूल करायला काय जातं?

९ सप्टेंबर, मंगळवार
रात्रभर धो धो. झोप नाही. सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. वाळवंटातल्या कुठल्याशा शहराचा. तिथं म्हणे वर्षानुवर्षं थेंब नाही आणि एक दिवस आला की गाड्या पोहतात. अगदी आमचंच गाव. पूर्ण पाहिला, दोनदा. आता या विषयातलं मला सगळं समजतं.
सूनबाई शाळेत निघाली होती, तिला थांबवून समजावलं. सुरुवातीच्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येतं, चाक घसरतं. ब्रेक हलका दाबायचा. दिवे लावायचे. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. तळ दिसत नाही त्या पाण्यात गाडी घालायची नाही. वर्षाराणी म्हणाली, हाव मामा, आणि रेनकोट घालून त्याच पावसात स्कूटीवर गेली. अर्धं तर ऐकलंच नाही तिने.

१० सप्टेंबर, बुधवार
वायपर बसवायचे आहेत. दुष्काळाच्या साली काढून ठेवले होते. ज्या गावाला रेल्वेने पाणी आणून पाजलं, तिथं नुसतं उन्हात रबर तडकवण्यात काय अर्थ? शेजारच्या नरसिंगच्या वायपरच्या चिंध्या झाल्या. माझे फडक्यात गुंडाळून माळ्यावर, जसेच्या तसे. याला निगा म्हणतात.
नरसिंग विचारतो, मग इतकी वर्षं पावसात काय केलं? पावसात मी गाडी काढतच नाही. म्हणूनच तर आजवर पावसात माझा एकही अपघात नाही. हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.
उद्या नक्की बसवणार.

११ सप्टेंबर, गुरुवार
गुडघा धरला आहे. माळ्यावर दुष्काळातल्या घागरी, टँकरचा पाइप, पाण्याचे कॅन सापडले. फडकं सापडलं. वायपर नाहीत.
लक्ष्मम्माला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या गाडीतल्या कशाला मी हात लावीत न्हाई, लई बोल ऐकून घ्यावे लागतात. हे खरं आहे.
अमरनाथ म्हणाला, नवे आणू का? नको म्हटलं. घरात असताना नवे आणणं ही उधळपट्टी. शिवाय मी हरवले असं त्याला वाटलं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
दोन दिवस कोरडे. आता पडत नाही. तरी खबरदारी म्हणून नरसिंगला विचारलं. तो म्हणाला, शिवप्पा, बटाटा कापून काचेवर चोळ, पाणी टिकतच न्हाई. नरसिंगने स्वतः कधी चोळलेला नाही, पण बोलला फार ठामपणे. एक मोठा बटाटा गाडीत ठेवला.
लक्ष्मम्माने ओटीचं सामान, हिरवी साडी, लाडू असं सगळं बांधून ठेवलं आहे. मला म्हणाली, ओटीच्या आधी पोचवा म्हंजे झालं, पहिली खेप हाय लेकीची. मी म्हटलं, माझ्यावर सोड.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळ
लख्ख ऊन! माझा अंदाज. निघालो.

त्याच दिवशी, चाकूरच्या अलीकडे
गाडीत बसून लिहीत आहे. एकटा.
आभाळ एकदम काळं झालं आणि कोसळलं. मी घाबरलो नाही. वेग कमी केला. इतका की शेळ्यांचा कळप पुढे निघून गेला. काचेतून काही दिसेना, म्हणून उतरून बटाटा चोळला. त्यानंतर जे थोडं दिसत होतं तेही दिसेना. काचेवर पांढरं पिठूळ झालं. लक्ष्मम्मा म्हणाली, आता कांदा चोळा, भजी तरी होतील.
गाडी बाजूला घेऊन दिवे लावून थांबलो. व्हिडिओत असंच सांगितलं आहे.
मागून नांदेडची एसटी आली. लक्ष्मम्मा छत्री न घेताच रस्त्यावर गेली, हात केला, पिशवीसकट चढली. खिडकीतून ओरडली, वर्षाराणीला फोन केलाय, गाडीतून हलू नका! हलण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीजवळ कुणीतरी जबाबदार माणूस हवाच.

त्याच दिवशी, संध्याकाळ, अहमदपूरच्या पुढे
सूनबाई लातूरहून बसने आली. पर्समधून नवे वायपर काढले आणि माझं बोलणं संपायच्या आत बसवले. काच पुसताना विचारलं, मामा, हे काय चिकटलंय? मी म्हटलं, चाकूरकडची माती.
मी मागच्या सीटवर आहे. पुढे तिची पर्स आहे. चालवते बरी. दिवे लावले, अंतर दुप्पट, ब्रेक हलका. एका ओढ्यावर पाणी होतं तर पाणी उतरेपर्यंत थांबली. सगळं माझ्याकडूनच शिकली आहे. हे तिला सांगितलं. हाव मामा, म्हणाली.
किल्ली तिच्याकडेच राहू द्यावी असं मीच ठरवलं आहे. तिने मागितली नव्हती, पण परतही केली नव्हती.

१५ सप्टेंबर, सोमवार, नांदेड
काल पोचेपर्यंत ओटी भरून झाली होती. पंगत उठली होती. पण लक्ष्मम्मा वेळेवर होती, हे महत्त्वाचं. तिला वाटेत एसटीच्या मार्गावर आणून सोडलं ते मीच.
सकाळी चहाला स्वयंपाकघरात गेलो. अंबिका ओटा पुसत होती. हातात लांब, काळं, रबराचं काहीतरी. एका ओढीत सगळं पाणी मोरीत. ओळखीचं वाटलं. विचारलं, तर म्हणाली, अप्पा, आईने दिलंय मागच्या वर्षी, माळ्यावर फडक्यात पडून होतं म्हणे. असलंच एक तिच्या ओट्यावर पण हाय की, तुम्ही पाहिलं न्हाई का कधी?
लक्ष्मम्मा लाडू वळत होती. मान वर न करता म्हणाली, ते गाडीचं हाय व्हय? लई चांगलं निघालं पण.
हातात घेऊन पाहिलं. रबराला एक चीर नाही. निगा म्हणतात ती हीच.
परतीला लक्ष्मम्मा पुढे बसणार आहे.