पवारांचा बंदोबस्त

२ मे, सकाळ
शिबिरात दाखल. सुट्टी संपेपर्यंत सगळं रशियनमधून: उठणं, बसणं, जेवणं, भांडणं. आपल्या भाषेत शब्द काढला की सगळ्यांसमोर उभं राहून गाणं म्हणायचं. मला काळजी नाही. अर्जात 'रशियन: अस्खलित' असं लिहिलंय. मागे सहा महिने क्लास केला होता. निदान चार तरी नक्की. शब्दकोश मुद्दाम घरी ठेवला. शिक्षकाच्या बॅगेत शब्दकोश दिसला की लोक नाही ते बोलतात.

सुट्टीनंतर एकाला कायम ठेवणार, असं संचालिकाबाईंनी मुलाखतीतच सांगितलं होतं. ती जागा माझी. निघताना बायको म्हणाली, गिटार झाली, मधमाश्या झाल्या, निदान हे तरी तडीस न्या. मेहुणा नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मी जाणून आहे.

३ मे
पहिला वर्ग उत्तम. शेवटी मुलांना सांगितलं, पुढचं उद्या. रशियनमध्ये 'उद्या' आणि 'नाश्ता' यांत फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुद्दामच सांगितलं नसावं. सगळी पोरं थाळ्या घेऊन जेवणघरात! आचारी अजून रुजूच झालेला नव्हता. मग मीच बटाटे परतले, अंडी फोडली. पोरांनी थाळ्या चाटून पुसून साफ केल्या. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बघण्याची तऱ्हा मला आवडली नाही.

४ मे
बाईंनी स्वयंपाकघराची किल्ली हातात दिली आणि लांबलचक काहीतरी सांगितलं. मी प्रत्येक वाक्याला 'दा, दा' म्हणजे 'हो, हो' म्हटलं. सारांश असा असावा: काही दिवस भाषा अगदी तळापासून रुजवा. विचार योग्य आहे. माझा वर्ग सध्या गाणं शिकवणारे मिशीवाले मास्तर घेतात. तात्पुरतं.

९ मे
इथे पवार नावाचा कुणीतरी आहे.
जो तो त्याचंच नाव घेतो. रशियन उच्चारात 'पोवर'. त्यांच्या तोंडात 'अ'चा 'ओ' होतो, नियमच आहे. आज भाजी आणणारा ड्रायव्हर बाईंना म्हणाला, खरोशी पोवर. खरोशी म्हणजे चांगला, एवढं मला येतं. म्हणजे पवार चांगला. आणि मी? बरं, हा गृहस्थ मला अजून एकदाही दिसलेला नाही. न दिसता चांगलं म्हणवून घेणारी माणसं धोक्याची.

१४ मे
संशय मिशीवाल्या मास्तरांवर. हळूच मागून गेलो आणि त्यांच्याच उच्चारात 'पोवर!' अशी हाक मारली. वळले, हसले आणि माझ्याकडेच बोट दाखवलं. चोराच्या उलट्या बोंबा.

२० मे
जेवण झालं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात: स्पासीबा पोवरू! स्पासीबा म्हणजे आभार. स्वयंपाक मी करायचा, कांद्याने डोळे माझे झोंबायचे आणि आभार पवारचे. वर लाडाने 'पवारू'! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मिठाचा डबा आज जरा जोरात आपटला.

२७ मे, दुपार
ड्रायव्हर भाजी घेऊन आला. मलाच विचारतो, ग्दे पोवर? पवार कुठे? मी बाणेदारपणे 'नी ज्नायू', मला माहीत नाही, असं सांगितलं. तो पोट धरून हसला. भाजी माझ्या टेबलावर टाकून गेला. म्हणजे पवार येऊन तपासणार! दिवसभर कोबीवर नजर ठेवून बसलो. कुणी फिरकलं नाही. कुणकुण लागली असणार.
संकल्प: उद्यापासून रोज वीस नवे शब्द.

५ जून
शब्द: शून्य. बीटाचं सूप मात्र झकास जमलं. खरं सांगायचं तर स्वयंपाकघरात मला बरं वाटतं. पण मी त्यासाठी आलेलो नाही.

११ जून, रविवार
आज फोन करायला परवानगी. बायकोला पवारबद्दल सांगितलं. म्हणाली, तुमच्या आड कुणी ना कुणी येतंच. गिटारच्या वेळी घरमालक आला, मधमाश्यांच्या वेळी शेजारी. (शेजाऱ्याला माश्या चावल्या होत्या हे खरं. पण तो वेगळा विषय.)

१९ जून
कर्मचाऱ्यांची बैठक. मला बोलावलं नाही. दाराला कान लावला. बाई 'पोवर' म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या वर्षाचा आकडाही ऐकू आला. संपलं. कायमची जागा पवारला. फार वाईट वाटलं. बायकोला काय तोंड दाखवू? आणि मेहुण्याला?
आता गप्प बसणं नाही.

२० जून
कांदे चिरता चिरता वाक्य घोकलं. संध्याकाळी बाईंसमोर ताठ उभा राहिलो आणि म्हटलं: पोवर प्लाखोय. पोवर, दामोय! पवार वाईट आहे. पवार, घरी! बाई थक्क. पुन्हा पुन्हा विचारलं. मी पुन्हा पुन्हा 'दा' म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा हात हातात घेतला. बिचाऱ्यांना आजवर कुणी खरं सांगितलंच नसावं.
पवारांचा बंदोबस्त झाला. रात्री गाढ झोप लागेल.

३० जून, शेवटचा दिवस
भाषेचं बंधन सकाळी उठलं. मुलाखतीनंतर बाई प्रथमच माझ्याशी आपल्या भाषेत बोलल्या. म्हणाल्या, सर, तुम्हालाच कायम ठेवायचं, असं आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून ठरवलं होतं. स्वयंपाकघर तुमच्याकडे, शिवाय दुपारी रशियनच्या वर्गात बसायची सोय. पण तुम्हीच इतकं ठासून सांगितलंत, की आचारी वाईट आहे, आचाऱ्याला घरी जायचंय.

मी विचारलं, कुठला आचारी?

बाई म्हणाल्या, पोवर म्हणजे आचारी ना, सर.

मग मायेने म्हणाल्या, आता दुसऱ्या माणसाला शब्द देऊन बसले. पण एक सांगते, अख्ख्या सुट्टीत तुमचं न चुकलेलं रशियन वाक्य तेवढं एकच.

मी मान डोलावली. मला तेच म्हणायचं होतं, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार? बॅग भरताना डोळ्यांत पाणी आलं. जवळपास कांदाही नव्हता.

दुपारी नवा आचारी आला. मिशी नाही, बोलायला गरीब. स्वयंपाकघराची किल्ली त्याच्या हातात देताना नाव विचारलं.

पवार, म्हणाला.

तिथूनच बायकोला फोन लावला. म्हटलं, मी पहिल्यापासून काय सांगत होतो! ती म्हणाली, बरं, या आता घरी. भाऊ जेवायला येतोय, येताना बीट घेऊन या.