माइक, कनात आणि एका पोन्नाडैची व्यवस्था

पोन्नाडै म्हणजे आमच्याकडे सत्काराला खांद्यावर घालतात ती जरीकाठाची शाल. दुकानात एकशेऐंशीला एक. गठ्ठ्याने घेतली तर एकशेतीस. मी गठ्ठ्यानेच घेतो. बाळकृष्णरावांना ती दर वर्षी एका भाषणात मिळते. मी तीस वर्षे ती विकत आणतो, इस्त्री करून तबकात रचतो, आणि माझ्या खांद्यावर ती अजून एकदाही पडलेली नाही. हा हिशेब मला कुठेही न बघता सांगता येतो, यावरून माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे वाचणाऱ्याने समजावे.

मी, त्यागराज साळुंके, वय सदुसष्ट, धंदा मांडव, खुर्च्या, भांडी व लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली, कोणाच्या दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या हौसेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. दुकानाचा सगळा व्यवहार तमिळमध्ये केला. घरातले मराठीत लिहितो, कारण वडिलांनी मला ही लिपी दिली आणि दुसरे काही दिले नाही. अडचण एवढीच की आमच्या गल्लीत ती वाचणारे माझ्याखेरीज एकच गृहस्थ उरले आहेत, निवृत्त प्राध्यापक बाळकृष्णराव. म्हणजे मी गेल्यावर हेही तेच वाचून दाखवणार, योग्य जागी थांबून, आणि लोक म्हणणार, काय वाचतात. त्याला इलाज नाही. बाळकृष्णराव, या ओळीवर खोकू नये.

एक. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी भागीरथी हिला. त्यात कोणीही वाटा मागू नये. सोबत हेही नोंदवतो की बाळकृष्णरावांच्या भाषणाला ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. मी मागे पडद्याआड ॲम्प्लिफायरपाशी असतो. सगळ्या टाळ्यांतून तिच्या बांगड्या मला वेगळ्या ऐकू येतात.

दोन. गोदामातला जुना पेट्रोमॅक्स कोणी मोडीत घालू नये. लग्नाच्या वरातीत तो डोक्यावर धरून मी चालत असे. या धंद्यातली माझी पहिली नोकरी तीच. वराती बघत, बँडमध्ये कोण बेसूर वाजवतो ते ऐकत मी मोठा झालो. पुढे पट्टुकोट्टैच्या एका बंद पडलेल्या तंबू-सिनेमातून जुना ॲम्प्लिफायर उचलला आणि सायकलला बांधून आणला. पेट्रोमॅक्स घरात दिसेल असा ठेवावा. तो पुसण्याचे काम जावयाने करावे. त्याला दुसरे काम सांगता येत नाही.

तीन. आता मंडळाचे. मोठ्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना आमचे अन्नसेवा मंडळ दोन वेळ जेवू घालते. त्यासाठी दर पंगुणी महिन्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, दोन दिवसांचा सोहळा होतो. पहिल्या संध्याकाळी गाणे, देणगीचे आवाहन आणि जेवण. दुसऱ्या दिवशी वर्षभर फुकट राबणाऱ्या सेवकांचा सत्कार. पाहुणा कोण, सोफे कुठे, नाव घेताना कोणाची आद्याक्षरे चुकली तर तो पुढच्या वर्षी येणार नाही, हे सगळे मी ठरवतो. आवाहन बाळकृष्णराव करतात. लोकांचा समज असा की त्यांच्या आवाजाने देणग्या येतात.

माझी सर्वांत मोलाची मिळकत आता लिहितो. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. आवाहन सुरू झाले की मी उठतो आणि स्वयंपाकाच्या बाजूची कनात दोन हात वर बांधतो. आत मंडळाची स्वयंपाकीण राजम हिने रसमला फोडणी दिलेली असते. तो वास सोफ्यांपर्यंत गेला की माणसाचा हात खिशाकडे आपोआप वळतो, कारण देऊन टाकले की जेवायला उठता येते. देणग्या भाषणाने येत नाहीत, रसमने येतात. ज्या वर्षी ती कनात खाली राहील त्या वर्षी मंडळाच्या पेटीत सुटे पैसे पडतील, हे मी छातीवर हात ठेवून लिहून देतो. हे गुपित मी माझी मुलगी नंदिता हिला देत आहे.

चार. खुर्च्या, भांडी, मांडवाचे सामान आणि दोन्ही माइक नंदिताला. यापुढे मी एक अट लिहिली होती, ती आता खोडली आहे. अट अशी होती की माझा माइक बाळकृष्णरावांच्या हाती देऊ नये. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हणालो, कोर्टात नको, गल्लीत टिकली तरी पुरे. मग मी ती नंदिताला वाचून दाखवली. गोदामात खुर्च्यांच्या चळतीवर बसून तिने ती शेवटपर्यंत ऐकली.

"अप्पा, सामान मी घेईन. ही अट नको."

"का?"

"मला बोलायला सरांनी शिकवलं. तुम्ही काय शिकवलंत? हॅलो, हॅलो, मैक टेस्टिंग."

"तेवढं आधी यावं लागतं."

"हो की. पण त्याच्या पुढचंही कुणीतरी शिकवायला हवं होतं. तुम्ही पडद्यामागून बाहेर कधी आलात?"

"माझ्या पोरीला शिकवायची त्यांना काय गरज पडली होती?"

"मी विचारलं म्हणून शिकवलं. तुम्हांला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, वायर धर."

अट राहिली तर ती सामानाला हात लावणार नाही, हे तिच्या आवाजावरून मला कळले. आवाज मला कळतो. मग पुढच्या पंगुणीला मंडळाच्या दारी दुसऱ्याचा मांडव उभा राहणार, दुसऱ्याचा माइक लागणार, आणि त्या माइकवरही बोलणार बाळकृष्णरावच. माझी लेक त्यांना "सर" म्हणते तेव्हा त्या शब्दात जे काही असते ते मला "अप्पा"त ऐकू यावे म्हणून मी कान लावून बसलो आहे. सामान विनाअट तिचे.

पाच. सेवकांच्या सत्काराचा क्रम यापुढे उलटा असावा. आधी भांडी घासणाऱ्या, मग वाढणारे, मग दवाखान्यात डबे पोचवणारे ऑटोवाले, मग देणगीदार. ऐन वेळी पाहुणा आपल्या मेहुण्याला घेऊन येतो आणि तबकात एक शाल कमी पडते. दर वर्षी ती माझी असे. यापुढे ती बाळकृष्णरावांची असावी. त्यांच्या घरी शालींना तोटा नाही. समोरच्या खोलीचे पडदे पाहावेत.

सहा. माझ्या देहावर जी पोन्नाडै घालाल ती नवी असावी. आमच्या गावात एकच शाल या सत्कारातून त्या सत्कारात फिरत असते आणि घडीवरून मी ती ओळखतो. फिरती शाल मला चालणार नाही. ती नंदिताने घालावी, आणि त्या वेळी माइकवर चार शब्द बोलावे. कोणाला विचारून नव्हे, स्वतःचे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले. वकिलांच्या सांगण्यावरून दोन साक्षीदार बोलावले, ज्यांना यातून काहीही मिळत नाही. बाळकृष्णरावांना साक्षीदार करण्यामागे माझा दुसरा कोणता हेतू शोधू नये.

सही: त्यागराज साळुंके
स्थळ: तंजावूर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

सहीनंतरची नोंद. वकील म्हणाले, साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते. राजम म्हणाली, कळल्याशिवाय ती रेशनच्या कागदावरही सही करत नाही. म्हणून बाळकृष्णरावांनी तिला हे सगळे तमिळमध्ये सांगितले. पडद्यांच्या ओळीवर ते खोकले नाहीत. उलट तीच ओळ त्यांनी दोनदा सांगितली आणि भागीरथी हसली. सगळे सांगून झाल्यावर राजमने तिसऱ्या कलमासाठी हात वर केला.

"अण्णा, हे खरं नाही. असल्या कागदावर मी सही कशी करू?"

"काय खरं नाही?"

"कनातीचं. गेल्या पंगुणीत तुम्ही कुठं होता?"

मी नंदिताकडे पाहिले. ती बाळकृष्णरावांकडे पाहत होती. त्या संध्याकाळी काय झाले ते राजमने सांगितले आणि म्हणाली, दुरुस्ती लिहा, मग सही करते. ती माझ्याच हस्ताक्षरात खाली लिहीत आहे.

दुरुस्ती, कलम तीन: गेल्या पंगुणीत मी छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होतो. कनात कोणी वर केली नाही. आतल्या बायका उकडून निघाल्या. आवाहन नंदिताने केले. मंडळाला इतकी देणगी त्यापूर्वी कधी मिळाली नव्हती.

सही: त्यागराज साळुंके
साक्षीदार: बाळकृष्णराव, निवृत्त प्राध्यापक
साक्षीदार: राजम, अन्नसेवा मंडळ, स्वयंपाक