दुकान वाढवले आहे

आखाडा बाळापूर
३ सप्टेंबर २०२५

चि. अनुश्रीस व्यंकटकाकाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तुझी वासंतीकाकू गुडघ्यांना शिव्या देते, गुडघे उलट उत्तर देतात. महिनाभर तिच्याशी भांडून मी शेवटी पुस्तकांचे दुकान वाढवायचे ठरवले. रस्त्यावरून तेलंगणातली मंडळी जातात, म्हणून ‘दुकान वाढवले आहे’ हे इंग्रजीतही हवे. तू पुण्यात फलकच करतेस, एक पाठव. चूक नको. पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या चुका भरसभेत काढल्या आहेत.

लोभ आहेच, तो कामात दिसू दे.
व्यंकटकाका

पुणे
११ सप्टेंबर

ती. व्यंकटकाका यांस शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन! या वयात ही उमेद! तुमच्या धाकाने शब्दकोश दोनदा उघडला. वाढवणे म्हणजे ‘इन्क्रीज’, पण तो पगार, किंमत, वेग अशा मोजायच्या गोष्टींना लागतो. दुकानाला ‘एक्स्पांड’. तेच लिहून फलक पाठवला आहे. लाल-पिवळा आहे, ट्रकमधूनही वाचता येईल.

काकूंना नमस्कार. लोभ वाढवावा.
अनुश्री

आखाडा बाळापूर
२० सप्टेंबर

चि. अनुश्रीस आशीर्वाद, पण हात राखून.

अगं शहाणे, दिवा वाढवला म्हणजे विझवला. बांगडी वाढली म्हणजे फुटली. दुकान वाढवले म्हणजे बंद केले! मी फलक विश्वासाने टांगला, आणि तू दवंडी पिटलीस की व्यंकटरावाने दुकान मोठे केले. शिवशंकर मास्तर स्पर्धा परीक्षेचे नवे कपाट शोधून गेला. चांगुणाबाईने तर विचारले की वरच्या मजल्यावर साड्या ठेवून राहिले म्हणे, आमाला काहून सांगितलं न्हाई. वरचा मजलाच नाही! लोक आत येऊन राहिले आणि मला पुस्तके विकावी लागून राहिली.

वर ‘लोभ वाढवावा’ लिहितेस. वाढवू का?
काका

पुणे
२७ सप्टेंबर

ती. काकांस शि. सा. न.

चूक माझी, कान धरते. पण मांजर आडवे गेले तर मुद्दाम त्याच वाटेने जाणारे तुम्ही. मुहूर्त आणि लिंबू-मिरचीवरची तुमची भाषणे ऐकत मी मोठी झाले. लोक अशुभ टाळायला ‘वाढवले’ म्हणतात. तुम्हाला ‘बंद’ हा दोन अक्षरांचा शब्द का लिहवला नाही? तसा फलक हवा असेल तर एका ओळीत कळवा, लगेच करते.

राग असला तरी पत्र यावे.
अनुश्री

आखाडा बाळापूर
४ ऑक्टोबर

चि. अनुश्रीस आशीर्वाद, या वेळी भरपूर.

ती एक ओळ लिहायला बसलो. ‘ब’ झाला आणि अनुस्वारापाशी हात थांबला. अशुभाला मी आजही जुमानत नाही. मला दुकान बंद करायचेच नव्हते. गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून रुसलो होतो, आणि तो रुसवा इंग्रजीत भिंतीवर टांगायला निघालो होतो. काकू म्हणते, तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. उगीच का ती महिनाभर भांडली.

राहिला तुझा फलक. खोटे वाक्य मी माझ्या भिंतीवर ठेवणार नाही. शेजारची पिठाच्या गिरणीची खोली रिकामी होती, ती घेतली. मधली भिंत एकोणीस तारखेला पाडायची. मुहूर्त पाहिलेला नाही. ‘एक्स्पांड’ तू लिहिलेस, तेव्हा पहिला घण तूच घालायचा.

लोभ असू दे, आणि येताना जुने कपडे आण.
तुझा, व्यंकटकाका